फुगीर चाकांची जीप आणि आईची खाडी

जीप उंच करून तिला मोठी चाकं लावणाऱ्या हल्लीच्या मुलांचे फोटो माझी नात मला दाखवते. त्यांतले निम्मे लोक कोकण किनारा गाठायला निघालेले असतात. मी म्हणते, जा, खुशाल जा, पण टायर निवडण्याआधी आमच्या दादाची गोष्ट वाचून जा. उरणच्या बाजूला आम्ही जीपने गेलो होतो त्याला आता साठाच्या वर वर्षं झाली, आणि तो धक्का मला अजून पचलेला नाही.

देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली होती. आम्ही खडकीत राहायचो. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ आनंदा, एका गॅरेजात मेकॅनिक होता. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली एक जीप कुणाच्या तरी अंगणात कोंबड्यांचं खुराडं होऊन उभी होती, ती त्याने आणून चालती केली. आईचं माहेर उरणकडच्या एका आगरी गावात, खाडीच्या पलीकडे. गावाला जायला होडी, दुसरा रस्ता नाही. आई सोळा वर्षांची असताना तीच होडी उलटली. आई वाचली, शेजारी बसलेला तिचा धाकटा भाऊ गेला. त्यानंतर तिने होडीत पाय ठेवला नाही. लग्न होऊन निघाली तीसुद्धा ओहोटीला खाडीच्या पाण्यातून चालत. पुढे गुडघे धरले, चालणं संपलं आणि माहेरही तुटलं.

त्या हिवाळ्यात निरोप आला की मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, अंथरुणाला खिळली आहे, लवकर भेटून जा. रात्री जेवताना दादाने विचारलं, "तू चालत आलीस तेव्हा पाणी किती होतं?"

"उधाणाच्या ओहोटीला गुडघाभर," आई म्हणाली.

"मग गाडीने जाऊ. होडी नको नि काही नको."

झालं. दादाच्या अंगात आलं. आधी त्याने स्प्रिंगांत एकेक पाटा वाढवून जीप वीतभर उचलली. मग चाकं. जुन्या बाजारात दोन जोड मिळत होते. एक उंच पण अरुंद, दुसरा लष्करी मालवाहू गाडीचा, जाडजूड, फुगीर. गॅरेजचे उस्ताद म्हणाले, "अरुंद घे. चिखलात खाली जाऊन कडक जमीन धरेल. हा फुगा घेऊन काय करशील? इंजिनला जड, स्टिअरिंगला जड, ब्रेकला तर त्याहून जड." पण दादाला रुंद टायर म्हणजे भक्कम टायर वाटला. मऊ जागेत तो वरच्या वर राहील, रुतणार नाही, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतंच. टायर घासायला लागले तेव्हा त्याने मडगार्ड कापले. जीप तयार झाली. आईला चढवायला आम्हाला घरातला पाट आणि वर स्टूल लागलं.

निघायचा दिवसही दादानेच धरला. "उधाणबिधाण काही नको, समुद्र शांत पाहिजे, म्हणजे पाणी गुडघ्याच्याही खालीच," असं म्हणत त्याने दोघाचौघांना विचारून घेतलं. आईने देवघरात दिवा लावला, उपासाचे चार खजूर पदरात बांधले आणि मागच्या सीटवर बसली.

पहाटे निघालो. खंडाळ्यापर्यंत मजेत गेलो, बोरघाटाच्या उतारावर मात्र उस्तादांचे शब्द आठवले. दादा ब्रेक दाबतोय आणि जीप आपली सरकतेच आहे. एवढी जड चाकं एकदा फिरायला लागली की लवकर थांबत नाहीत. शेवटी पहिल्या गिअरमध्ये घाट उतरलो, मागचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. वेगाचा काटाही खोटं बोलायला लागला होता. चाक मोठं म्हणून गाडी काट्यापेक्षा जोरात पळायची. पेट्रोल नेहमीच्या दीडपट प्यायली. तुम्ही मोठे टायर लावणार असाल तर ब्रेक आणि पेट्रोल हे दोन्ही आधी धरून चाला. खोपोलीला चहा आणि गरम बटाट्याची भजी खाल्ली. आईने काही घेतलं नाही.

पनवेलहून डावीकडे वळलं की उरणचा रस्ता. आज तिथे कंटेनरच्या ट्रकांतून वाट काढावी लागते. तेव्हा धुळीचा रस्ता होता आणि दोन्ही बाजूंना मिठागरं. पांढरे ढीग, कमरेएवढे बांध, डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेतलेल्या बायका. बांधावरून जाताना जीप अंगणात चालावी तशी गेली. दादा माझ्याकडे वळून वळून बघत होता. एका घरी विचारल्यावर त्यांनी आग्रहाने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली. तेव्हा त्या वाटेवर खानावळ नव्हती, लोकांच्या घरी असंच जेवायचं.

दुपारी खाडीवर पोचलो. काठावर दोन होड्या उपड्या-सुलट्या पडलेल्या, एक म्हातारा जाळं शिवत बसलेला आणि एक बाई कालवं फोडत होती. ओहोटी होती. पाणी शांत, पलीकडची घरं, माड, सगळं दिसत होतं. आई त्या घरांकडे बघत राहिली.

दादाने त्या बाईला विचारलं, "बाई, आज उधाण आहे का हो?"

"नाय. आज भांग हाय," ती म्हणाली.

दादा खूश. मला हसू आवरेना. भर दुपारी भांग म्हणजे बाईच झोकून बसली असणार, असं मी त्याच्या कानात सांगितलं. त्यालाही हसू आलं. आई मागे बसली होती, ती हसली नाही.

दादाने खरोखर सगळी काळजी घेतली होती. पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही. सायलेन्सरला नळी जोडून ती सीटच्या वर आणली. वायरींना ग्रीस फासलं. मग जीप पाण्यात घातली. आधी चाकाचा खालचा भाग बुडाला, मग अर्धं चाक. खाली तळ घट्ट लागत होता. मधोमध आलो तसं पाणी टायरच्या वर चढलं. आता उथळ होईल, मग उथळ होईल, असं करत दादा पुढे रेटत होता. आणि एकदम त्याच्या हातातलं स्टिअरिंग हलकं झालं. त्याने ते डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, गाडीला त्याचं काही नव्हतं. मागची चाकं पाणी उडवत जागच्या जागी फिरत होती. मागची बाजू उचलली गेली आणि आमची जीप, तीन माणसं, पाट आणि स्टूल घेऊन सावकाश तिरकी व्हायला लागली. रस्त्यावर चालणारी वस्तू आपल्या बुडाखाली डुलते आहे, हे डोक्यात शिरतच नव्हतं. चार टायरांत वारा कोंडलेला, दुसरं काय होणार? पण तेव्हा तेवढं सुचायला हवं ना. दादा तरीही स्टिअरिंग फिरवतच होता.

मागून आईचा आवाज आला. खडकीत इतकी वर्षं जपून बोललेली तिची भाषा गळून पडली होती, ड-ढच्या जागी गावचा र आला होता. "आनंदा," ती म्हणाली, "तुजे गारीची होरी झाली."

मग इंजिन बंद पडलं, पाणी आत आलं, जीप जड होऊन एका अंगावर चिखलात टेकली. आम्ही छातीभर पाण्यात. काठावरच्या त्या म्हाताऱ्याने होडी लोटली होती. त्याने आणि दादाने आईला उचलून होडीत ठेवलं. मला वाटलं आता ती किंचाळेल. तिने होडीची कड घट्ट धरली आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत पाण्याकडे एकटक बघत राहिली.

"भांगेला पानी धड चरत नाय, धड उतरत नाय," वल्हवता वल्हवता म्हातारा म्हणाला. "उधानाला यवाचा व्हता." तेव्हा आम्हाला कळलं. आमच्या पुण्याकडे उधाण म्हणजे खवळलेला समुद्र. इथे उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती, आणि तिच्यानंतरची तितकीच खोल ओहोटी. दादाने नेमकी ती टाळून, पाणी सगळ्यात कमी उतरतं तो भांगेचा दिवस शोधून काढला होता.

मावशी जागी होती. दोघी बहिणी दोन दिवस एकमेकींचे हात धरून होत्या. तिसऱ्या दिवशी मावशी गेली. पौर्णिमा अजून यायची होती. जीप गावकऱ्यांनी दोर लावून काढली, इंजिन उघडून वाळवायला दादाला पुढचे चार दिवस लागले. परत येताना आई आपणहून होडीत बसली. खडकीला आल्यावर दादाने ती फुगीर चाकं विकून अरुंद आणली. उस्तादांनी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी पाहुण्यांना मी ही भांगेची गोष्ट रंगवून सांगत होते. पाहुणे गेले. आई तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "त्या बाईने सांगायची काय गरज होती? अष्टमी होती. अष्टमीला भांगच असते. माझा तर उपास होता."

मी तिच्यासमोर जाऊन बसले. "म्हणजे निघतानाच तुला ठाऊक होतं?"

"जीप अडकणार, एवढं ठाऊक होतं. तरंगेल हे नव्हतं."

"आणि आम्ही बुडालो असतो म्हणजे?"

"भांगेला पाण्याला ओढ नसते. काठावर होड्या होत्या, माणूस होता, मी बघून घेतलं होतं." तिने एक खडा बाजूला टाकला. "पौर्णिमेपर्यंत ताई थांबली नसती. आणि आपल्या पायांनी मी होडीत चढले नसते. कुणीतरी उचलूनच ठेवायला हवं होतं."

खडकीपासून खाडीपर्यंत त्या मागच्या सीटवर ती काय घेऊन बसली होती, ते मला इतक्या वर्षांनी दिसलं.

"दादाला सांगू?" मी विचारलं.

"नको गं," आई म्हणाली. "किती हौसेने निवडली होती त्याने चाकं."

मी सांगितलं नाही. आता दादाही नाही, म्हणून लिहिते.