मेंढरांच्या माळावर विमान

आमच्या सात पिढ्या मेंढरांमागे हिंडल्या. आठव्या पिढीचा मी विमान शिकायला निघालो. नव्वदच्या दशकात सुट्टीला गावी गेलो की माझी मान एवढी ताठ असायची, की आई म्हणायची, "जरा खाली बी बगत जा."

एका सकाळी कराडकडच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमान एकट्यानं उडवलं आणि औंधच्या पलीकडे इंजिन बंद पडलं. पंखांत तेलाच्या दोन टाक्या. डावी संपत आली की खटका फिरवून उजवी चालू करायची. मी मोठा साहेब, तेच विसरलो होतो. घाबरल्यावर तर तेही सुचेना. खाली उजाड माळावर काळाभोर, सपाट पट्टा दिसला. नांगरलेलं रान, देव पावला, असं म्हणून विमान तिकडं वळवलं. शंभरेक फुटांवर रान चालायला लागलं.

मेंढरं होती. मेंढक्याच्या पोराला मेंढरं ओळखू आली नाहीत! कसंबसं बाजूला घेतलं, तर पुढचं चाक मातीच्या बांधावर आदळून मोडलं. मेंढरू एकही दगावलं नाही, मलाही खरचटलं नाही. आता कुठं अक्कल ठिकाणावर आली, आणि मी पहिलं काम काय केलं? गुपचूप खटका उजवीकडे फिरवला. चूक कळली तर माझं शिक्षण तिथंच संपणार होतं.

मेंढरांमागचा म्हातारा धावत आला होता. "कुणाचा रं तू?"

सांगितलं.

"म्हंजे आपल्यातलाच की!" त्यानं घोंगडं अंथरून बसवलं, दूध पाजलं.

दुपारी जीपमधून प्रशिक्षक आले. "सर, इंजिनच बंद पडलं," मी म्हणालो. त्यांनी खटका पाहिला, मान हलवली. सुटलो असं वाटलं.

तेवढ्यात म्हातारा कौतुकानं म्हणाला, "लय कामसू पोरगं हाय सायेब. इमान आपटलं तरी हात थांबला न्हाई. आदी तो खटका फिरवला, मगच खाली उतरलं."

प्रशिक्षक माझ्याकडे वळले. "खरं आहे हे?"

म्हाताऱ्याला नीट दिसलं नसेल, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. लाज वाटते सांगायला, पण आलं होतं.

"इचारा की," म्हातारा म्हणाला. "आपल्यातलं पोरगं हाय, खोटं न्हाई बोलायचं."

"हो, सर. फिरवला," मी म्हणालो.

प्रशिक्षक जीपकडे चालू लागले. म्हाताऱ्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्यांच्या मागून ओरडला, "बगा, म्हनलं न्हवतं?"