बंद दाराचा फ्रिज

मीटरकाकांनी बावीस वर्षं एकच काम केलं. फ्रिज गरम खोलीत ठेवायचा, दार लावायचं आणि तो किती वीज खातो ते लिहायचं. त्या आकड्यावरून लेबलावर किती तारे छापायचे ते ठरे. बंद फ्रिजवर पहारा देऊन पोट भरणारा माणूस, असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे. दुकानात उभ्या असलेल्या बाईला फ्रिजच्या पोटात काय चाललंय ते दिसत नाही. तिच्या वतीनं आपण बघतो, असं काकांचं म्हणणं. हे त्यांनी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं की काकू भांडी घासता घासता पुढचं वाक्य स्वतःच पुरं करायच्या.

खोलीचा नियम एकच: चाचणी संपेपर्यंत दाराला हात लावायचा नाही. निवृत्तीला आठ महिने उरले असताना तो काकांनीच मोडला. एका बड्या कंपनीचा नवा फ्रिज लावलेला. खोलीत मरणाचा उकाडा. स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून काकू फोनवर करवादत होत्या, आणि हं हं करता करता काकांनी घरच्यासारखं दार उघडून पाण्याची बाटली आत ठेवली. भानावर आले तेव्हा पाचावर धारण बसली.

कुणी पाहिलं नव्हतं. बाटली काढून गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मीटरवरचा आकडा दीडपट वेगानं पळायला लागला होता. दार उघडल्यावर थोडी वीज जास्त लागतेच, पण दुसऱ्या दिवशीही तो पळतच होता. दोन दिवस दाराला हात लागला नाही, तेव्हा कुठे शांत झाला. काकांनी मुद्दाम पुन्हा उघडून पाहिलं. पुन्हा तेच. दार बराच वेळ उघडलं नाही की आपली परीक्षा चाललीय हे त्या लबाडाला कळत होतं, आणि तेवढ्यापुरता तो गुणी बाळासारखा बसत होता.

काकांनी सगळं लिहून दिलं, स्वतःच्या चुकीसकट.

"दार उघडलंत, चाचणी बाद," साहेब म्हणाले.

"साहेब, घरात लोक दार उघडतात."

"नियमात दार बंद आहे."

"मग नियम बदलायला वर लिहू या ना."

"निवृत्तीच्या तोंडावर कशाला पायावर धोंडा मारून घेताय, काका?"

चौकशी लागली ती काकांचीच. तिथं सगळे बाटलीबद्दल विचारत होते. फ्रिजबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मग नव्यानं चाचणी करायचा हुकूम झाला, तोही काकांनाच. त्यांनी ती डोळ्यांत तेल घालून केली, दाराच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. पाच तारे आले.

सही करणार नाही, असं काका म्हणाले.

"यातला चुकीचा आकडा दाखवा," साहेब म्हणाले.

काका तासभर कागद खालीवर करत बसले. सगळे आकडे त्यांच्याच हातचे होते, आणि एकही चुकीचा नव्हता. त्यांनी सही केली. त्या दिवशी त्यांना स्वतःची किळस आली.

चार महिन्यांनी थोरल्या बहिणीचा दुकानातून फोन आला. तोच फ्रिज तिच्या समोर होता.

"घेऊ ना रे?"

"नको घेऊस, ताई. वीज खातो."

"अरे, पण पाच तारे आहेत यावर. कुणी दिले मग?"

"मी दिले," काका म्हणाले.