रामदासच्या नावाचा तो मेसेज

मागच्या आठवड्यात आमच्या गावातल्या ताराबाईला वाघानं नेलं. गोंडपिपरीकडचं, जंगलाला चिकटलेलं आमचं गाव. पहाटे गावातल्या काही जणी मोहफुलं वेचायला गेल्या होत्या. सोबतच्या बाया पुढं निघाल्या, ताराबाई मागं राहिली...

दुपारी पोस्टमॉर्टम होऊन ती घरी आली. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला, तो येईपर्यंत थांबायचं होतं. अंगणात बाया रडत होत्या. बाहेर रस्त्यावर आम्ही माणसं नुसती बसलेली, हातात मोबाईल घेऊन.

त्या बसण्यातच गावच्या ग्रुपवर एक फोटो आला. चॅटचा स्क्रीनशॉट. वर नाव ‘गार्ड मॅडम’ आणि खाली मजकूर... ‘वाघ मोहाच्या झाडांकडेच आहे. गावात सांगू नका, लोक गोंधळ घालतात.’

गार्ड मॅडम म्हणजे आमच्या बीटची, आमच्या भागातल्या जंगलाची वनरक्षक. माझ्या नातीच्या वयाची पोरगी. आदल्याच दिवशी कोतवालाला घेऊन दवंडी देत दारोदार फिरली होती, एकट्यानं जंगलात जाऊ नका म्हणून. सकाळी ताराबाईच्या अंगावर टाकलेलं जॅकेटसुद्धा तिचंच. सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि एका फोटोनं सगळे विसरले.

ताराबाईचा दीर रामदास उठला. वहिनीनंच त्याला लहानाचा मोठा केलेला. कुंपणातली काठी उपसली आणि वनविभागाच्या नाक्याकडं निघाला. “आज तिलेबी जंगलातच टाकतो!” अर्धं गाव त्याच्या मागं. नाक्यावरच्या खोलीत ती पोरगी एकटी होती.

मी आडवा झालो. “थांब रे बाबू. हा मेसेज कोणाले आला?”

“ग्रुपवर आला ना, भाऊ.”

“ग्रुपवर फोटो आला. मेसेज कोणाच्या मोबाईलवर आला? तो मोबाईल दाखव मले.”

एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं. तिसऱ्याला बाजूच्या गावातून कोणीतरी पाठवलेला... मूळ मोबाईल कोणापाशीच नाही. फोटोतली तारीखही वरून कापलेली.

“तुमच्या घरची गेली नाई म्हणून तुम्हाले शहाणपण सुचून राह्यलं,” रामदास म्हणाला. मला बाजूला सारून पुढं गेला.

शाळा माझी चौथीपर्यंत. मोबाईल शिकलो तो नातीच्या खोड्यांमधून. तिनं माझा नंबर ‘डोकेदुखी’ या नावानं ठेवला आहे. मी कितीही गोड लिहिलं तरी तिच्याकडं वर ‘डोकेदुखी’च दिसतं. म्हणजे वरचं नाव आपण ठेवू ते, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

शेजारी महादू उभा होता. माझ्या मोबाईलमधलं त्याचं नाव खोडून मी ‘रामदास’ केलं. म्हटलं, महादू, मी सांगतो तसं मला लिहून पाठव, विचारू नको काही. मेसेज आला, स्क्रीनशॉट काढला, ग्रुपवर टाकला. वर रामदास, खाली... ‘वहिनीला मीच एकटी धाडली. कोणाला सांगू नका.’

नाक्याच्या वळणावर मोबाईल वाजले. लोक थबकले. मला वाटलं, चिडतील, मला शिव्या देतील, आणि मग समजतील की असा फोटो कोणीही बनवू शकतो.

तसं झालं नाही. एकानं रामदासची गचांडी धरली. “काऊन रे? तू धाडली वहिनीले?” रामदास खुळ्यासारखा बघतच राहिला. “मी नाई... मायची शप्पथ, मी नाई!” त्याच्याच मागून निघालेल्या काठ्या आता त्याच्याकडं वळल्या.

धावायचं माझं वय नाही, पण धावलो. “खोटा आहे! मी बनवला आत्ता, महादूच्या मोबाईलवरून!” सगळ्यांसमोर ते नाव दाबून उघडलं, नंबर वाचून दाखवला. महादूचा निघाला.

काठ्या खाली आल्या. रामदास तिथंच मातीत बसला, आणि सकाळपासून पहिल्यांदा रडला.

पोरगी वाचली. पहिला फोटो कोणी बनवला ते अजून कळलेलं नाही, तक्रार दिली आहे.

मी बनवलेला फोटो मी तिथंच सगळ्यांसाठी डिलीट केला. पण तेवढ्यात कोणीतरी तो पुढं पाठवला होता... संध्याकाळी ताराबाईची म्हातारी आई वरोऱ्याहून आली. रामदासनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तिनं तोंड फिरवलं.

“नातवानं वाचून दाखवलं मले गाडीत. तूच धाडली माह्या लेकीले.”

मी तिच्या पायाशी बसलो. सगळं सांगितलं, मोबाईल दाखवला, महादूला समोर उभं केलं. म्हातारी ऐकत होती. मग म्हणाली, “भाऊ, खोटं होतं तं लिहिलं काऊन?”

मी तिच्यापुढं नुसते हात जोडले.

म्हणून तुम्हालाही हात जोडून सांगतो. कोणाच्या नावाचा स्क्रीनशॉट आला, तर आधी तो मेसेज ज्याला आला त्याचा मोबाईल मागा. मिळाला तर नावामागचा नंबर बघा, मागचं-पुढचं बोलणं वाचा. ज्याचं नाव आहे त्याला सरळ विचारा. मोबाईल नाही मिळाला, तर तो फोटो तुमच्यापाशीच थांबू द्या. आणि लोकांना समजवायलासुद्धा माझ्यासारखा खोटा फोटो बाहेर सोडू नका... आपल्या हातातल्या मोबाईलवर दाखवा आणि तिथंच पुसा.

त्या संध्याकाळी रामदासनं परत तांब्या पुढं केला. म्हातारीनं घेतला, दोन घोट प्याली. त्याच्याकडं मात्र बघितलं नाही.

पाणी तरी घेतलं... त्या माउलीचे उपकार.