सासूच्या एक ओळ मागे

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या आदिलाबादच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. तरी तलमडुगुकडच्या एका गावात बायकांना तेलुगू लिहा-वाचायला शिकवायचं काम मी हौसेनं घेतलं. बायका मराठी बोलणाऱ्या, कापूस-ज्वारीच्या घरच्या. मारुतीच्या ओट्यावर रोज दुपारी वर्ग भरायचा.

चार महिने झाले तरी सगळ्या पहिल्याच पानावर. वयाचा मान म्हणून मी आधी सासवांना वाचायला लावायचे, मग सुनांना. सगळ्यांत थोरल्या आजीबाई तिसऱ्या ओळीवर अडायच्या, त्यांची सून दुसऱ्या ओळीवर. बाकीच्या पाच सुनांचंही तसंच. 'पालथ्या घड्यावर पाणी' म्हणून मी सगळ्यांदेखत तोंड सोडायचे. त्या माना खाली घालून हसायच्या आणि मी आणखी भडकायचे.

मग साक्षरता कार्यालयातून निरोप आला. सोमवारी साहेब तपासायला येणार, एकीलाही पान वाचता आलं नाही तर वर्ग बंद. बायकांना ते सांगताना, सुटले एकदाची, असं माझ्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू?

शनिवारी मी बसची वाट बघत होते. झाडाखाली आजीबाईंची सून लेकीच्या शाळेच्या पुस्तकातली गोष्ट तिला वाचून दाखवत होती. तेलुगूत, न अडखळता. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"इथं येते तुले, मंग वर्गात काऊन अडतं तू?"

ती दचकली. पदर पुढं ओढून हळूच म्हणाली, "आत्याबाई तिसऱ्या ओळीवर थांबतेत ना, म्याडम. त्याइच्या पुढं मी कशी जाऊ? पण वर्ग बंद नका करू. त्याच्यातूनच मले दहावीले बसायचं हाये."

माझी मलाच लाज वाटली. सासवांना आधी वाचायला लावून ही खोड मीच लावली होती. बस आली तशी गेली, मी सरळ तिच्या घरी गेले. आजीबाई अंगणात मिरच्या निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पुन्हा मिरच्यांकडे वळल्या. आता त्या सुनेला वर्गातच येऊ देणार नाहीत, या धास्तीत माझा रविवार गेला.

सोमवारी दोघी आल्या. साहेब खुर्चीवर बसले. मी सवयीनं आजीबाईंना हाक मारली. त्या जागच्या उठल्या नाहीत.

"आज पयले माही सून वाचनार," त्या म्हणाल्या. स्वतःच्या हातानं त्यांनी सुनेचा कपाळावरचा पदर मागं सारला. "वाच माय. मी आयकून राह्यली."

तिनं पान संपवलं, उलटलं, पुढचंही वाचलं. मग दुसऱ्या सासूनं आपल्या सुनेला कोपरानं ढोसलं, "वाच ना व." मग तिसरीनं. एकामागून एक सहाही सुनांनी अख्खं पान वाचलं. घरी लेकरांच्या पुस्तकांवर सगळ्याच शिकत होत्या. मी भर ओट्यावर रडत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

साहेबांनी मला हिंदीत विचारलं, चार महिन्यांत एवढं कसं शिकवलंत?

मी तोंड उघडायच्या आत आजीबाई बोलल्या, "म्याडमनं शिकवलं. अडवून आमी ठेवलं होतं. आता माह्या सुनेचं नाव दहावीले लिवा."