पोटातल्या कोकरांना काय कळलं?

मी पशुवैद्य आहे. कोल्हापुरात माझा स्वतःचा दवाखाना आहे. म्हशीला नजर लागली म्हणून कुणी आलं, तर मी आधी म्हशीचा ताप बघते. अजूनही तेच करते. तरीही हे लिहितेय... कारण ती दुपार मला कुठंच बसवता येत नाही.

माझा धाकटा भाऊ सागर कळंब्याच्या पुढं, तलावाच्या मागच्या अंगाला मेंढ्या पाळतो. त्याची बायको स्नेहल गडहिंग्लजची. गेल्या हिवाळ्यात तिला नववा महिना होता, आणि शेडमधल्या बऱ्याच मेंढ्याही गाभण होत्या. एका रविवारी दुपारी मी सोनोग्राफीचं छोटं मशीन घेऊन त्या तपासायला गेले.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मेंढीचं कोकरू कधी जन्मणार, हे बरंचसं ते कोकरूच ठरवतं. दिवस भरत आले की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल वाढतं आणि त्या इशाऱ्यावर आईचं शरीर तयारीला लागतं. ताणातही हेच हार्मोन वाढतं. पण बाहेरचा ताण कोकरापर्यंत पोचतो तो आईमार्फत. कुत्रं मागं लागलं, तर आधी आई घाबरते, तिची नाडी वाढते, मग कोकराची.

स्नेहल पोत्यावर बसून मेंढीची मान धरत होती. मी मशीन लावलं, तर आतल्या कोकराचं काळीज नुसतं पळत होतं. मेंढी मात्र निवांत रवंथ करत होती. तिची नाडी बघितली – नेहमीसारखी. दुसरी मेंढी घेतली, तिचंही तेच. तिसरीचंही.

तेवढ्यात स्नेहल पाणी प्यायला उठली, आणि पडद्यावरचे ठोके हळूहळू शांत झाले. ती परत येऊन बसली... पुन्हा पळायला लागले.

मी सागरला मेंढी धरायला लावली. ठोके शांत.

"स्नेहल, जरा जवळ ये. आता परत लांब जा."

"ताई, माझी परेड कशाला घेताय?" ती हसत म्हणाली.

पण प्रत्येक वेळी तेच होत होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "बाळ हलतंय का गं?"

तिनं पोटावर हात ठेवला. "सकाळपास्नं गप हाय. झोपलं असंल की."

"सागर, गाडी काढ. स्नेहलला दवाखान्यात न्यायचं."

"अगं, परवा तारीख हाय की डॉक्टरांची. आज का?"

"तू गाडी काढ," एवढंच म्हणाले.

दवाखान्यात स्नेहलच्या पोटाला ठोके मोजायचा पट्टा लावला, तर बाळाचे ठोके मधूनमधून खाली जात होते. मानेला नाळेचा घट्ट वेढा होता. संध्याकाळच्या आत ऑपरेशन झालं. मुलगी झाली. ती उशिरा रडली, पण रडली. बाहेर सागर भिंतीला टेकून उभा होता. रडणं ऐकलं आणि त्यानं गडहिंग्लजला फोन लावला.

"उद्यावर टाकलं असतं तर..." डॉक्टरबाई एवढंच बोलून परत आत गेल्या.

नंतर मी मशीन तपासून घेतलं, त्यात काही बिघाड नव्हता. शरीरशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, स्नेहलच्या घामाचा वास बदलला असेल, मेंढीला तो कळला असेल. मग मेंढीची नाडी का वाढली नाही? यावर ते म्हणाले, मग योगायोग असेल. योगायोग म्हणावा, तर तो एका दुपारी इतक्या वेळा कसा झाला?

बारशाच्या दिवशी हे सगळं मी पहिल्यांदा स्नेहलला सांगितलं. लेकीला मांडीवर घेऊन ती ऐकत होती. तिला त्यात नवल वाटलं नाही.

"मेंढ्यास्नी कुठलं कळतंय, ताई," ती म्हणाली. "ही पण आतच हुती, आणि ती कोकरं पण आतच हुती. त्यांचं त्यांना कळलं."

मी डॉक्टर आहे, मला हे पटायला नको. पण खोडून काढायला माझ्याकडं आजही काही नाही.