भरलेला लोटा

मिल बंद पडल्यावर तिथले कामगार चाचा आमच्या जुन्या दवाखान्यात स्ट्रेचर ढकलायला लागले. साहेब असो की पेशंट, सगळ्यांना भाऊ मानून 'देखो भिया' म्हणायचे.

जुनी इमारत पाडून तिथे वस्तीसाठी नवा दवाखाना उभा राहिला. बांधकाम तपासायचं काम माझं होतं. मी न बघताच सही केली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी रिकाम्या स्ट्रेचरवर पाण्याने भरलेला लोटा ठेवून तो वॉर्डात नेला. उंबऱ्यावर स्ट्रेचर आपटलं, पाणी सांडलं.

"देखो भिया, हाड मोडलेला माणूस इथे किंचाळेल."

ठेकेदार हसला. "चाचा, साहब ने पास कर दिया है."

"न बघता केलं," मी म्हणालो. "उंबरा तोडा."

संध्याकाळी लोटा पुन्हा निघाला. थेंबही सांडला नाही. ते ताठ मानेने माझ्यापर्यंत आले आणि तेच पाणी त्यांनी मला प्यायला दिलं.