पुसलेल्या कॉम्प्युटरमधला अंगठा

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला, कुठला पंचनामा कुणी लिहिला, हे सांगताना अडखळायला होतं. एक प्रकरण मात्र कालच घडल्यासारखं समोर उभं राहतं, आणि ते माझ्या नोकरीतलं नाहीच. वर्दी उतरवून दोन वर्षं झाली होती. हद्द माझी नव्हती, देशही माझा नव्हता. गुन्हा मात्र माझ्या घरातूनच निघाला होता.

माझी मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. पत्नी गेल्यापासून मुलगी दरवर्षी उन्हाळ्यात मला तीन महिने बोलावून घेते. नाशिकच्या घरात मी एकटा काय करणार, असं तिचं म्हणणं. तिथेही मी फार काही करत नाही. सकाळी फिरून येतो, भाजी चिरून देतो आणि खिडकीतून रस्त्यावर लक्ष ठेवतो. सवय जात नाही.

एका शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली. मुलीने दार उघडलं. बाहेर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी दोन मोठ्या बॅगा घेऊन उभी होती. चेहरा प्रवासाने उतरलेला. मुलीकडे बघून ती हसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "ताई, मी आले. किल्ली घ्यायला."

"कसली किल्ली?"

तिने मोबाइल पुढे केला. त्यावर माझ्या मुलीच्या पासपोर्टचं पान होतं आणि याच घरच्या पत्त्याची सरकारी नोंद होती. इथे तिला आन्मेल्डुंग म्हणतात. या मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. म्युनिकमध्ये खोली मिळणं म्हणजे दिव्यच. इंटरनेटवर एक जाहिरात दिसली, घरमालकिणीने ईमेलवर स्वतःची कागदपत्रं पाठवली, हिने अकोल्याहून डिपॉझिट भरलं. फ्लॅटचा पत्ता गाठला तर तिथे कुणी भलतंच कुटुंब राहत होतं. म्हणून ती नोंदीवरच्या पत्त्यावर आमच्याकडे आली होती.

"आडनाव मराठी दिसलं म्हणून विश्वास ठेवला, ताई," ती म्हणाली, आणि तिथेच बॅगेवर बसून रडायला लागली.

आता लिहायला लाज वाटते, पण मला पहिला संशय तिचाच आला. रडणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि विचारपूस सुरू केली. कोणत्या विमानाने आलीस? जाहिरात कधी पाहिलीस? फोनवर बोलणं झालं का? झालं असेल तर आवाज बाईचा की पुरुषाचा? एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या वेळी फिरवून विचारला. खोटं बोलणारा माणूस तिन्ही वेळा तंतोतंत एकच उत्तर देतो, खरं बोलणारा प्रत्येक वेळी काहीतरी नवं आठवून सांगतो. ती दर वेळी नवं काहीतरी सांगत होती. तिसऱ्या खेपेला मुलीने माझ्या हातावर हात ठेवला.

"बाबा, पुरे. तिला जेवू द्या."

ती आमच्याकडे अकरा दिवस राहिली.

पुढच्या आठवड्यात पोलिसांचं पत्र आलं. मला जर्मन येत नाही, पण मुलीचा चेहरा पाहून मी समजलो. फोरलाडुंग, म्हणजे चौकशीला हजर राहण्याची सूचना. आणि साक्षीदार म्हणून नव्हे, संशयित म्हणून. अशाच आणखी काही विद्यार्थ्यांनी तक्रारी केल्या होत्या, आणि प्रत्येकाकडे घरमालकीण म्हणून माझ्या मुलीचाच पासपोर्ट होता. तिचा नागरिकत्वाचा अर्ज त्याच वेळी कचेरीत पडून होता. चौकशी संपेपर्यंत तो पुढे सरकणार नव्हता. ती रोज कामावर जायची, यायची, पण जेवताना ताटाकडे बघत बसायची.

"बाबा, मी काहीच केलेलं नाही," ती एकदा म्हणाली.

मी "हो गं" म्हणालो. हेच वाक्य टेबलाच्या पलीकडून मी किती वेळा ऐकलं असेल, आणि किती वेळा मान वर न करता लिहीत राहिलो असेन, ते मला त्या क्षणी आठवलं.

त्यांनी वकील केला. वकिलाने रीतसर अर्ज करून पोलिसांकडच्या कागदांच्या प्रती मिळवल्या. एका संध्याकाळी जावई त्या घेऊन आले आणि आम्ही जेवणाच्या टेबलावर पसरल्या. मला भाषा कळत नव्हती, म्हणून मी फक्त चित्रं पाहत होतो. तिसऱ्या का चौथ्या कागदावर पासपोर्टच्या पानाची मोठी, रंगीत प्रत होती. मोबाइलच्या लहान पडद्यावर मला जे दिसलं नव्हतं ते त्या प्रतीत स्वच्छ दिसत होतं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात कुणीतरी अंगठा दाबून धरला होता. कडेला हिरव्या बांगडीचा एक तुकडा. आणि अंगठ्याच्या पेरावर तिरका, पांढरट व्रण.

मी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

तो विळीचा व्रण होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नारळ खवताना झालेला. बत्तीस वर्षं मी तो अंगठा पाहिला होता. चहाचा कप पुढे करताना, पोळीचा घास मोडताना, माझ्या वर्दीचं बटण शिवताना. त्या कागदाच्या कोपऱ्यात माझी पत्नी होती.

"हा फोटो कुठे काढलात?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ठाण्यातला वाटला.

मुलीने वाकून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "आई..."

मग तिला सगळं आठवलं. सहा वर्षांपूर्वी ती नाशिकला सुट्टीवर असताना नवा पासपोर्ट आला होता. म्युनिकच्या ऑफिसला त्याची प्रत तातडीने हवी होती. पान सारखं उलटायचं, म्हणून तिच्या आईने पोळ्या लाटता लाटता येऊन ते दाबून धरलं. फोटो निघाला खरा, पण अंगठा दिसतोय म्हणून तो कुणाला पाठवलाच नाही. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून नीट स्कॅन करून आणलं आणि ते पाठवलं.

तपासात असा क्षण क्वचित येतो. पासपोर्टच्या प्रती दहा ठिकाणी दिलेल्या असतात, बँकेत, कचेरीत, घरमालकाला. त्यातली कुठली फुटली हे शोधणं अशक्य. पण ही प्रत कुणालाच दिलेली नव्हती. म्हणजे ती जिथे होती तिथूनच बाहेर पडली.

"हा फोटो कशात ठेवला होता?"

"त्याच फोनमध्ये. तो फोन नंतर पाण्यात पडून गेला," मुलगी म्हणाली. "आणि... जुन्या कॉम्प्युटरवर."

आम्ही दोघांनी जावयांकडे पाहिलं. मी त्यांना पुढचे प्रश्न शक्य तितक्या हळू आवाजात विचारले. जावयाची उलटतपासणी करायची वेळ कुणावर येऊ नये.

"तो कॉम्प्युटर कुठे आहे?"

"दिला बाबा, गेल्या वर्षी. केलरमध्ये, म्हणजे खाली तळघरात, नुसता पडला होता. फुकट द्यायच्या वस्तूंची एक वेबसाइट आहे, तिच्यावर टाकला. एक गृहस्थ येऊन घेऊन गेले. फार सभ्य होते. गरीब मुलांच्या शाळेसाठी जुने कॉम्प्युटर गोळा करतो म्हणाले."

"त्यातलं सगळं पुसलं होतं?"

"फॉरमॅट केला होता," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांचा चेहरा पडला. "क्विक फॉरमॅट. घाईत होतो. मला कळायला हवं होतं."

मला कळेना, म्हणून त्यांनी समजावलं. फाइल डिलीट केली किंवा तसं घाईचं फॉरमॅट केलं, तर कॉम्प्युटर फक्त यादी पुसतो. माल जागेवरच राहतो, त्याच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. हे मला लगेच पटलं. मुद्देमालाचं रजिस्टर फाडून टाकलं म्हणून खोलीतला मुद्देमाल नाहीसा होत नाही. ज्याला खोलीत शिरता येतं त्याला रजिस्टरची गरजही नसते.

"त्या गृहस्थांचं नाव, पत्ता?"

नाव खोटं निघालं. वेबसाइटवरचं त्यांचं खातंही बंद झालेलं. जावई डोकं धरून बसले. मी म्हणालो, "जावईबापू, सावकाश. तो दिवस पहिल्यापासून सांगा. तो आला, बेल वाजवली, मग?"

साक्षीदाराला घटना विचारू नये, दिवस विचारावा. घटना त्याने दहा वेळा मनात घोटलेली असते, दिवस घोटलेला नसतो. जावयांनी दिवस सांगितला. पाऊस होता, गृहस्थाने कॉम्प्युटर गाडीत ठेवला, हात मिळवला, गेला. आणि घरात आल्यावर दिसलं की कॉम्प्युटरची वायर टेबलाखालीच राहिली.

"मग त्या वायरचं काय केलंत?"

ते तटकन उठले आणि कपाटातून एक जाड फाइल काढून आणली. इथे तिला ओर्डनर म्हणतात, आणि प्रत्येक घरात अशा डझनभर असतात. आमचे जावई पुण्याचे, पण या बाबतीत पक्के जर्मन झालेले. त्यांनी ती वायर पार्सलने पाठवली होती. त्या माणसाने त्यासाठी वेबसाइटवरून स्वतःच पत्ता कळवला होता. एका वायरसाठी! आणि पोस्टाची पावती त्या फाइलमध्ये पंच करून लावलेली होती.

मी आयुष्यात पुष्कळ गुन्हेगार लहानशा लोभापायी सापडलेले पाहिले. हा वायरीपायी सापडला.

वकिलाला घेऊन मुलगी पोलिसांकडे गेली. मीही सोबत गेलो, पण मला बाहेर बाकावर बसवलं. तीस-पस्तीस वर्षं मी लोकांना तशाच बाकावर बसवलं होतं. तासाभराने तपास अधिकारी बाहेर आली. माझ्या मुलीहून लहान असेल. तिने मला इंग्रजीत विचारलं, "आपण आत येऊ शकाल का? फोटोतल्या हाताबद्दल आपला जबाब हवा आहे."

दुभाषा हिंदीचा होता. नाव, वय, व्यवसाय. "निवृत्त पोलीस अधिकारी," मी म्हटलं, तेव्हा तिने मान वर करून पाहिलं आणि खुर्ची थोडी जवळ ओढून घेतली. मग पासपोर्टची ती प्रत माझ्यापुढे सरकवली.

"हा हात कोणाचा आहे?"

"माझ्या पत्नीचा."

"त्यांना बोलावता येईल का?"

दुभाष्याने प्रश्न हिंदीत सांगितला. माझ्या हाताखालून हजारो जबाब गेले. नातेवाईक हयात नसेल तर नावापुढे 'मयत' असं लिहायला सांगायचो, तेवढ्यावर काम भागायचं. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. अधिकारीबाईंनी घाई केली नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही. पेन खाली ठेवून ती थांबली. शेवटी मी म्हणालो, "ती आता नाही. तीन वर्षं झाली." तिने ते लिहिलं, आणि मग पुढचा प्रश्न विचारण्याआधी मला विचारलं की थोडं पाणी हवं का.

पार्सलच्या पत्त्यावर छापा पडला. तिथे भल्या माणसांनी भल्या मनाने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या डिस्क रांगेने लावून ठेवल्या होत्या, असं वकिलाने सांगितलं. तो माणूस त्यातून कागदपत्रं काढून पुढे ठगांना विकत होता. काही आठवड्यांनी मुलीला पत्र आलं की तिच्याविरुद्धची चौकशी बंद करण्यात आली आहे. ते पत्र जावयांनी फाइलमध्ये लावलं. अकोल्याच्या मुलीला एव्हाना विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली होती. एका रविवारी ती जेवायला आली, तेव्हा मी पहिल्या दिवशीच्या प्रश्नांबद्दल तिची माफी मागितली. ती म्हणाली, "काका, माझ्या बाबांनी पण तसंच विचारलं असतं." मला ते पुरेसं वाटलं नाही.

या प्रकरणाने मला कॉम्प्युटर कसा पुसावा हे शिकवलं. जे हवं ते आधी दुसरीकडे उतरवून घ्यावं, मग सबंध डिस्कवर नव्याने लिहून जुनं झाकून टाकणारा प्रोग्राम चालवावा, आणि तेही जमत नसेल तर डिस्क काढून घरीच ठेवावी. कॉम्प्युटर दान करावा, डिस्क नाही. हे कुणीही सांगेल. पण मला खरं शिकवलं ते त्या अधिकारीबाईंच्या पेन खाली ठेवण्याने. चांगला जबाब घ्यायचा तर समोरच्याला थोडा वेळ द्यावा लागतो. हे मला नोकरीत कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, कोण जाणे.

परत यायच्या आधीच्या रविवारी जावयांनी आणखी एक जुना लॅपटॉप काढला. या वेळी ते घाईत नव्हते. "बाबा, आधी सगळं बघून घेऊ," म्हणाले. आम्ही तिघं सोफ्यावर बसलो आणि दुपारभर फोटो पाहिले. मुलीच्या लग्नातली तिची आई, कुणाच्या तरी बारशाला बाळाला मांडीवर घेतलेली, अंगणात पापड वाळत घालताना कॅमेऱ्याला हाताने 'नको' म्हणणारी. सगळे दोन ठिकाणी उतरवून घेतले. मग जावयांनी प्रोग्राम लावला. पडद्यावर प्रश्न आला की सर्व कायमचं नष्ट होईल, खात्री आहे का?

"तुम्ही दाबा, बाबा," मुलगी म्हणाली.

मी थोडा वेळ थांबलो. दोघांपैकी कुणीच घाई केली नाही. मग मी बटण दाबलं.